गुरुवारची व्याख्यानं आणि सिरसातालचा गाळ

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून युनिव्हर्सिटीत चिखल शिकवते." त्यात टोमणा नव्हता. त्यांना जे दिसायचं तेच त्या सांगत. मी घरी यायची तेव्हा नखांत काळी माती असायची आणि साडीच्या काठाला आम्लानं पडलेली भोकं. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक म्हटलं की लोकांना गुलाब, तुळस, फार तर आयुर्वेद आठवतो. मी मात्र आयुष्यभर मेलेल्या फुलांचे परागकण मोजले.

हे काम काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फुलातला पराग वाऱ्यावर उडतो, थोडा तलावात पडतो आणि तळाशी जाऊन बसतो. परागकणाचं कवच फार चिवट असतं. फूल कुजतं, झाड जातं, पण चिखलात गाडलेलं ते कवच हजारो वर्षं टिकतं. दर पावसाळ्यात तलावात नवा गाळ येतो आणि जुन्यावर बसतो. त्यामुळे तळात नळ ठोकून उभा गाळ बाहेर काढला, तर खाली जुना काळ, वर अलीकडचा, असा सगळा क्रम हातात येतो. त्याचे चिमूट चिमूट नमुने घ्यायचे, आम्लात माती विरघळवायची आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. गवताचा कण गुळगुळीत, गोल. धान्याचा तसाच, पण मोठा. देशी बाभळीचे कण घोळक्यानं चिकटलेले, छोट्या फुटबॉलसारखे. शिंगाड्याच्या कणाला तीन उंच कंगोरे असतात, तो एकदा पाहिला की विसरत नाही. असं ओळखत आणि मोजत गेलं की कळतं, इथे कधी जंगल होतं, कधी शेती आली, कधी आगी लागल्या. याला प्राचीन परिसंस्थाशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम डोळे फोडणारं.

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना मी विभागात दर गुरुवारी दुपारी एक व्याख्यान सुरू केलं. आमचे विभागप्रमुख शुक्लाजी भूगोलातून पर्यावरणाकडे आलेले, सज्जन, पण कायम धास्तावलेले. त्यांनी विचारलं, "मॅडम, इसमें बच्चों का प्लेसमेंट क्या है?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "फिर आएगा कौन?"

पहिल्या गुरुवारी खरंच कोणी आलं नाही. म्हणजे आमचे आम्हीच होतो, आणि एक मुलगा खोली चुकून आलेला. मग मी दोन गोष्टी बदलल्या. इंग्रजी सोडून व्याख्यानं हिंदीत घ्यायची ठरवली आणि फलकावरचं विषयाचं जडजंबाल नाव काढून तिथे लिहिलं, 'हमसे पहले यहाँ क्या उगता था'. हळूहळू खोली भरायला लागली. भूगर्भवाले आले, इतिहासवाले आले, वनखात्यातले एक निवृत्त रेंजर आले. आणि गोयलसेठ आले.

गोयलसेठांची सराफ्यात पेढी. पुतणीला न्यायला विभागात आले होते, उन्हात उभं राहण्यापेक्षा आत बसावं म्हणून बसले, आणि त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नाही. पांढरा कुर्ता, मांडीवर हात, शेवटच्या रांगेत. महिनाभर काही बोलले नाहीत. मग एकदा माझ्याच व्याख्यानानंतर त्यांनी हात वर केला.

"मॅडमजी, आप कहती हैं नीचे की मिट्टी पुरानी, ऊपर की नई. ठीक है. पर बीच में किसी ने हाथ मार दिया हो तो? मिलावट का पता कैसे चलेगा?"

मुलं हसली. मी हसले नाही, कारण आमच्या शास्त्रातला सगळ्यात नाजूक प्रश्न हाच होता. मी त्यांना सांगितलं की थर नुसत्या डोळ्यांनी तपासतो, कोळशाचे तुकडे काळमापनाला पाठवतो, आणि जे कण त्या काळात असूच शकत नाहीत ते सापडतात का हे बघतो. ते मान हलवून म्हणाले, "यानी कसौटी है." आणि बसले.

त्या दिवशी पहिल्या रांगेत ऋचा मोहिते होती. शिंदे की छावनी या शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतली मुलगी, पूर्वजांपासून सगळे फौजेत, वडील सुभेदार म्हणून निवृत्त. तिनं बी.एड. करून शाळेत लागावं अशी त्यांची इच्छा होती आणि तिनं माझ्याकडे पीएच.डी.ला नाव घातलं होतं. घरी तिला तीन वर्षांची मुदत मिळाली होती. तेवढ्यात काही ठोस दिसलं नाही तर बी.एड. ती कमी बोलायची, आणि बोलताना मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की उठायची नाही.

दोन वर्षं गुरुवार नीट चालले तसा मी एक छोटा अभ्यासक्रम आखला. दोन आठवड्यांचा, बाहेरगावची मुलंही घ्यायची, आणि शिकवण्यापुरता नव्हे तर खरा नळ खऱ्या तलावात ठोकायचा. जागा मी फार आधी मनात धरली होती. शहराबाहेरचा सिरसाताल. जुना, उथळ, उन्हाळ्यात निम्मा आटणारा.

त्या तलावात माझा एक खासगी स्वार्थ होता. आमची घरं दख्खनेतून फौजेबरोबर इथे आली. छावणी पडली, तिचं शहर झालं. इतक्या माणसांच्या चुली, घोड्यांचा चारा, घरांची लाकडं कुठून आली असतील? आसपासच्या करधईच्या जंगलातून. करधई हे इकडचं झाड, पावसाच्या आधी नुसती हवा दमट झाली तरी हिरवं होतं. आमचे लोक आले तेव्हा त्या जंगलाचं काय झालं, हे मला गाळात पाहायचं होतं. इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या लढाया आहेत. आम्ही जाळलेली लाकडं कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

अभ्यासक्रम सुरू व्हायच्या तोंडावर वनखात्याच्या त्या रेंजरसाहेबांचा फोन आला. सिरसातालचं खोलीकरण मंजूर झालं होतं. पोकलेन मशीन आलेलंच होतं, सोमवारपासून तळ उपसणार.

खोलीकरणाला माझा विरोध नव्हता. गावाला पाणी हवं होतं. पण पोकलेनच्या दोन-चार दिवसांत तो सगळा क्रम ट्रॉल्यांत भरून शेतांवर जाणार होता, आणि तो पुन्हा कोणालाही वाचता येणार नव्हता. मी ऋचाला घेऊन शहरातल्या पडाव भागात ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. तोमर नावाचे गृहस्थ, भरदार मिशा, समोर तीन मोबाइल. मी युनिव्हर्सिटीतून आले म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा आवळला.

"स्टे लाने आई हैं?"

"नाही. मला फक्त तलावातली थोडी माती हवी आहे, तुमचं काम सुरू व्हायच्या आधी."

ते इतके सैल झाले की खुर्ची कुरकुरली. "मिट्टी? अरे मैडम, ट्रॉली भरके घर भिजवा देता हूँ."

ट्रॉली का चालणार नाही हे मी समजावू लागले. त्यांचं लक्ष मोबाइलवर जायला लागलं. तेव्हा ऋचानं टेबलावरची त्यांची फाइल उचलली, उभी धरली आणि म्हणाली, "सर, हे बघा, म्हणजे... इसके पन्ने आप फाड़के बोरे में भर दो, तो काग़ज़ पूरा मिलेगा. पर पढ़ेगा कौन? हमको पन्ने लाइन से चाहिए."

तोमरांनी फाइल तिच्या हातातून घेऊन जपून खाली ठेवली. "इतवार दोपहर तक का टाइम है. उसके बाद मेरी मशीन नहीं रुकेगी."

अभ्यासक्रमात नळ ठोकणं शेवटच्या दिवसांत होतं. ते आम्ही पहिल्या दिवसावर, म्हणजे त्या रविवारवर, आणलं. मुलं स्टेशनवरून सामान टाकून थेट तलावावर आली. त्यांना परागकण म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. आटलेल्या तळाला मोठमोठ्या भेगा पडल्या होत्या. पाण्याच्या अलीकडे ओल्या गाळावर फळ्या टाकून आम्ही लोखंडी नळ उभा केला. आत प्लास्टिकची नळी, वरून घण. मुलं पाळीपाळीनं घण घालत होती. नळ पहिल्यांदा लोण्यासारखा गेला, मग घट्ट मातीत शिरला, आणि दीड पुरुष खोल जाऊन थांबला. मला हवं होतं तेवढं मिळालं होतं.

आता बाहेर काढायचा. आम्ही तीन पायांचं तिकाटणं लावून साखळीनं ओढला. हलला नाही. सगळ्यांनी मिळून ओढला, तिकाटण्याचा एक पाय गाळात रुतला आणि आम्ही सगळे एकमेकांवर. नळ जागच्या जागी. खालच्या चिकणमातीनं त्याला घट्ट पकडलं होतं. ऊन चढलं. पाणी ओतून पाहिलं, फिरवून पाहिला. दुपार झाली आणि काठावर तोमरांची जीप येऊन उभी राहिली.

ते खाली आले, नळाकडे पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं. मला वाटलं, आता घड्याळ दाखवतील. त्यांनी काठावर उभ्या पोकलेनच्या चालकाला हाक मारली.

मी घाबरले. त्या यंत्राचा एक झटका बसला असता तर नळातली माती खाली गळून पडली असती. पण दुसरा इलाज नव्हता. ऋचा चालकाकडे गेली. ते रीवाकडचे, प्रौढ, शांत माणूस होते. तिनं हातानं दाखवलं, इतकं हळू. त्यांनी मान डोलावली, यंत्र कोरड्या तळावरून हळूहळू पुढे आणलं, बादलीच्या दाताला साखळी अडकवली आणि उचलायला सुरुवात केली. यंत्र हलतंय की नाही हे कळत नव्हतं. नळावर बांधलेली फडक्याची खूण वर सरकली तेव्हा कळलं. ऋचा गुडघाभर गाळात बसून होती. नळाचं टोक बाहेर आलं त्याच क्षणी तिनं दोन्ही तळवे खालून लावले, आणि कोणीतरी प्लास्टिकचा कागद गुंडाळेपर्यंत तशीच राहिली. एक चिमूटसुद्धा सांडली नाही.

तोमर म्हणाले, "बस, यही? इतने के लिए इतना?" पण नळ गाडीवर चढवताना त्यांनीही खांदा दिला.

प्रयोगशाळेत नळी उभी चिरून उघडली तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले. खालपासून वरपर्यंत पट्टे होते. राखाडी, काळा, पिवळट, पुन्हा काळा. ज्या मुलांनी सकाळी शिव्या देत घण घातला होता ती बोट न लावता वाकून बघत होती. पुढचे दिवस मी त्यांना शिकवलं तेवढ्या सहजपणे आयुष्यात कधी शिकवलं नाही. प्रत्येकाला आपापला पट्टा मिळाला होता, आणि प्रत्येकाला त्यात काय आहे ते कळल्याशिवाय जेवण गोड लागत नव्हतं.

मुलं परत गेली. पुढचे महिने ऋचा एकटीच मोजत बसली. खालच्या भागाची कथा स्वच्छ निघाली. आधी करधई आणि तिच्या भाईबंदांचं दाट जंगल. मग बारीक कोळसा वाढतो, जंगल विरळ होतं, धान्याचे मोठे कण येतात. आणि त्यांच्या पाठोपाठ शिंगाडा. काळमापनाचं उत्तर बाहेरच्या प्रयोगशाळेतून आलं, ते हजारो वर्षांचं होतं. कोणीतरी इतक्या आधी इथे शेत केलं होतं आणि बहुधा शिंगाडाही खाल्ला होता.

मग ती वरच्या भागाकडे आली, माझ्या भागाकडे. एका दुपारी तिनं मला बोलावलं. "मॅडम, हे जरा बघता का? मला नं, ठीक नहीं लग रहा."

डोळा लावला. छोटे, तिकोनी कण. मी म्हटलं, "जांभूळ."

"मलाही तसंच वाटलं. पर मैंने मिलाके देखा." तिनं तुलनेसाठी ठेवलेल्या दोन काचा पुढे केल्या, एक जांभळाची, एक नीलगिरीची. मी पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कारण मला ते जांभूळच असायला हवं होतं. ती नीलगिरी होती.

नीलगिरी या भागात आमच्या डोळ्यांदेखत लावली गेली. ती वरच्या बोटभर गाळात असायला हवी होती. ती वरच्या सगळ्या भागात, पार छावणीच्या काळाच्याही खाली पसरली होती. आम्ही गावात जाऊन विचारलं. एका म्हाताऱ्या बाईंनी सहज सांगितलं की त्यांच्या सुनेच्या लग्नाच्या सुमारास वीटभट्टीवाल्यांनी तळात खड्डे खणले होते, पुढच्या पावसात ते भरून गेले. आमचा नळ नेमका तशा एका भरलेल्या खड्ड्यातून गेला होता. वरच्या भागातला काळ सगळा घुसळला गेला होता. आणि दुसरा नळ घ्यायला जुना तळ उरला नव्हता. पोकलेननं आपलं काम केलं होतं.

आमचे लोक आले तेव्हा जंगलाचं काय झालं, ते मला आजही माहीत नाही. याची हळहळ वाटते. कदाचित आयुष्यभर वाटेल.

त्यात शुक्लाजींनी सत्राच्या शेवटच्या गुरुवारी मोठा कार्यक्रम ठरवून टाकला होता. कुलगुरू येणार, वार्ताहर येणार. व्याख्यानमाला पुढे चालवायची की बंद करायची, ते त्या दिवसावर अवलंबून होतं. विषय त्यांनी परस्पर छापला होता, 'लश्कर बसा, जंगल कटा'. ऋचानं त्यांना नीलगिरीबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळ धरलं.

"बेटा, जंगल तो कटा ही होगा. तुम वही बोलो. नीलगिरी वाली स्लाइड मत दिखाओ. मैडम, आप समझाइए. कुछ बड़ा नहीं निकला तो ये सब बंद हो जाएगा."

ते खोटं बोला असं म्हणत नव्हते. ते फक्त भ्यायले होते, आणि व्याख्यानमाला टिकावी असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. ऋचानं माझ्याकडे पाहिलं. तिची घरची मुदतही संपत आली होती, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "तुला भिंगाखाली काय दिसलं?"

"नीलगिरी."

"मग तेच दाखव."

त्या गुरुवारी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. कुलगुरू पुढे, सुभेदार मोहिते मागे भिंतीला पाठ लावून, ताठ. ऋचानं खालच्या भागाची गोष्ट सांगितली. करधई, आग, शेत, शिंगाडा. लोक गुंगले. मग ती थांबली, पाणी प्याली आणि नीलगिरीची स्लाइड लावली.

"विषय जो छपा है, उसका जवाब मेरे पास नहीं है," ती म्हणाली. "ऊपर की मिट्टी मिली हुई है. मैं चाहूँ तो इससे कुछ भी साबित कर दूँ. इसलिए इससे कुछ साबित नहीं होता. ये हिस्सा मैंने अपनी थीसिस से निकाल दिया है."

शुक्लाजी पंख्याकडे बघत होते. मग शेवटच्या रांगेतून गोयलसेठ उभे राहिले.

"बेटी, मैं सराफे में बैठता हूँ," ते म्हणाले. "जो अपने माल का खोट ख़ुद बता दे, उसका बाक़ी माल हम बिना घिसे ले लेते हैं. ये सिंघाड़े वाली बात अब मैंने मान ली." आणि बसले.

कुलगुरू मागे वळून हसले. त्यांनी ऋचाला खालच्या थरांबद्दल एकामागून एक प्रश्न विचारले, आणि ती उत्तरं देत राहिली, कुठे 'पता है', कुठे 'अभी पता नहीं'. शेवटी त्यांनी शुक्लाजींना विचारलं, "अगला कोर्स कब है?" शुक्लाजींनी न अडखळता पुढच्या उन्हाळ्याचा महिना सांगितला, जसा काही तो आधीच ठरलेला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला तो शिंगाड्याचा. आमच्या पंचवीस ओळींच्या निष्कर्षातलं एवढंच वार्ताहरांना रुचलं होतं.

सुभेदारसाहेब कार्यक्रमानंतर माझ्यापाशी आले. "बाई, तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं की माल खराब आहे. नोकरीवर परिणाम नाही ना होणार?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या नोकरीत नेमकं हेच यावं लागतं."

"फौजेतही चुकीची खबर देणाऱ्यापेक्षा खबर नाही म्हणणारा बरा," ते म्हणाले. बी.एड.चं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

माझे शोधनिबंध पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे आता मलाही वाचवत नाहीत. पण त्या दुपारी मागच्या दाराशी उभं राहून मी माझ्या विद्यार्थिनीला 'माहीत नाही' म्हणताना ऐकलं, तो माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा सन्मान होता. ऋचाची पीएच.डी. त्या खालच्या थरांवर झाली. आता गुरुवार तीच घेते. मी निवृत्त झाले आहे, कधीमधी ऐकायला जाते, शेवटच्या रांगेत गोयलसेठांशेजारी बसते. ते हल्ली मला प्रश्न विचारू देत नाहीत, आधी स्वतःचे विचारतात.

या उन्हाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. तोमर होते. आवाज तोच. मुरैन्याच्या बाजूला त्यांना नवं काम मिळालं होतं.

"मैडम, पुराना तालाब है. किसी ने हाथ नहीं लगाया, मैंने गाँव में पूछ लिया है. मशीन अगले हफ़्ते उतरेगी. उसके पहले आपको अपनी पाइप ठोकनी हो तो बता दीजिए."

या माणसाला कोणी सांगितलं होतं, गावात विचारून घ्या म्हणून?

"ऋचा मॅडमचा नंबर देते," मी म्हटलं. "ते काम आता त्यांचं आहे."

"वो फ़ाइल वाली?"

"तीच."

"ठीक है," ते म्हणाले. "उनको बोलिए, मशीन वाला भी वही है. पाइप अटकी तो निकाल देगा."

मी फोन ठेवला आणि ऋचाला लावला. तिनं दुसऱ्याच घंटेला उचलला, आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मागे कोणालातरी हाक मारून फळ्या आणि घण काढायला सांगितलं.